नाव कुणाचं लावू?

सकाळी ६.५०

रावेतच्या मुकाई चौकात बीआरटीच्या टर्मिनलवर गाड्या लागल्या आहेत. थंडी आहे. ताई शटरच्या कुलपाशी झटतायत. गंज चढलाय, किल्ली अर्ध्यात अडकते. शटर वर गेलं की आत दहा बाय बाराचा गाळा. दोन कॉम्प्युटर, एक लेझर प्रिंटर, अंगठ्याचं मशीन, शाईचा पॅड, दाभण, दोऱ्याचं रीळ, हिरव्या लेजर पेपरचा गठ्ठा. पाटीवर चार शब्द: झेरॉक्स, टायपिंग, दस्तलेखन, ऑनलाइन.

भाडं महिना १४,०००. दुपारनंतर मदतीला एक मुलगी येते, तिचे ९,०००. टोनर भरून घ्यायला ३५० लागतात आणि तो नेमका दस्ताच्या दिवशी संपतो. आजही संपत आलाय. ताई काडतूस बाहेर काढून आडवं हलवतात, परत बसवतात. "दुपारपर्यंत काढेल."

त्या पूर्वी पिंपरीत एका वकिलांकडे टायपिस्ट होत्या. मराठी तीस, इंग्रजी चाळीस, दोन्ही परीक्षा पास. सगळे त्यांना ताई म्हणतात. मीही तेच म्हणतो. माणूस गेल्यावर त्याचं घर, पैसा आणि जमीन कुणाकडे जाणार, याचे कागद त्या करतात. गुंतागुंतीची भानगड असली की स्वतः हात घालत नाहीत, वकिलांकडे पाठवतात.

७.३५

चाकणहून तिसऱ्या पाळीची बस आली. उतरलेल्यांतले तिघं थेट दुकानात. पहिला तिशीच्या आतला, मूळचा जालन्याचा, कंत्राटावर आहे. हातात १८,५०० पडतात. बाळ चार महिन्यांचं.

"ताई, पीएफला नाव लावायचंय."

"यूएएन पाठ आहे? बायकोचा फोटो आणलास?"

फोटो मोबाइलमध्ये आहे, पण मागे लग्नाचा मांडव. ताई कापून पांढरा करतात. आधार क्रमांक, जन्मतारीख, नातं. मग पडद्यावर टक्क्यांची चौकट येते आणि त्या थांबतात.

"गावाकडं आईवडील तूच सांभाळतोस ना? सगळं बायकोला लावू का वाटून?"

तो बोटं मोडतो. रात्रभर प्रेसवर उभा राहिलेला माणूस आता हिशेबाला उभा आहे. "बायकोला सत्तर. आईला तीस."

ओटीपी आला, ई-साइन झालं. बारा मिनिटं लागली. १०० रुपये.

तो निघाला तर ताईंनी परत बोलावलं. "हे फक्त पीएफचं झालं. ग्रॅच्युइटीचा फॉर्म कंपनीत कागदावर भरायचा असतो, तो वेगळा. बँकेत वेगळं. आणि नोव्हेंबर २०२५ पासून बँकेत चार नावांपर्यंत लावता येतात." त्यानं मान डोलावली. झोप डोळ्यांवर होती. ताईंनी झेरॉक्सच्या पाठकोऱ्या कागदावर तीन ओळी लिहून त्याच्या खिशात घातल्या.

मागच्या दोघांचंही तेच काम. आठ वाजून गेले.

९.२०

काका-काकू आले. काका बहात्तरचे. आकुर्डीच्या बजाजमध्ये होते. तिथलं उत्पादन २००७ मध्ये थांबलं तेव्हा हाती आलेल्या पैशात त्यांनी इथं दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. तेव्हा रावेतच्या या बाजूला ऊस होता आणि रात्री रिक्षावाले यायला कुरकुरायचे. १९९७ मध्ये गाव महापालिकेत आलं होतं, पण रस्ते यायचे होते. पूर्वी गच्चीवरून पवना नदी दिसायची, ती आता इमारतींनी झाकली आहे. फ्लॅट एकट्या काकांच्या नावावर. मुलगा जर्मनीत, मुलगी लातुरात.

आज मृत्युपत्र नोंदवायचं आहे. मसुदा दोनदा होऊन गेलाय. तिसऱ्यांदा ताई तो मोठ्यानं वाचतात. फ्लॅट क्रमांक, सर्व्हे नंबर, करारनाम्याचा दस्त क्रमांक, बँकेची खाती. काकूंच्या अंगावरचं सोनं त्यांचंच आहे, ते काकांच्या मृत्युपत्रात येणार नाही, हे मागच्या खेपेला ठरलं. काकूंनी त्या दिवशी काही न बोलता पाटल्या नीट केल्या होत्या.

पहिल्या मसुद्यात काकांनी सांगितलं होतं, 'पत्नीला हयातभर राहण्याचा हक्क, नंतर मुलाला फ्लॅट.' बरेच जण असंच सांगतात. ताईंनी विचारलं होतं, "उद्या काकूंना दवाखान्याला पैसे लागले, तर फ्लॅट विकता येईल का? नाही येणार. जागा मोठी पडते म्हणून लहान घेता येईल? नाही. मुलाला विचारावं लागेल." काकांनी चार दिवस घेतले. आता मसुद्यात लिहिलंय, 'संपूर्ण मालकी हक्काने पत्नीस.' त्याखाली: पत्नी आधी गेल्यास मुलगा आणि मुलगी, निम्मं निम्मं.

मला विचाराल तर या एका ओळीसाठी ताईंचे १,८०० रुपये वसूल आहेत. बाईला छप्पर द्यायचं पण किल्ली दुसऱ्याकडे ठेवायची, ही सवय आपल्या घराघरांत आहे. आणि ती प्रेमाच्या भाषेत सांगितली जाते, म्हणून कुणाला खटकत नाही.

"स्टॅम्प कितीचा आणू?" काकांच्या सोबत आलेल्या शेजाऱ्यानं विचारलं.

"शून्याचा. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही. साध्या कागदावर हातानं लिहिलं तरी चालतं. करणाऱ्याची सही, दोन साक्षीदारांच्या सह्या, एवढं हवं."

"मग नोंदवायला कशाला जातोय?"

"सक्ती नाही. पण नंतर कुणी म्हणायला नको, की सही काकांची नाहीच."

साक्षीदार दोघं चाळिशीचे, सोसायटीतलेच. ताईंचा आग्रह असतो की साक्षीदार वयानं लहान असावा, जवळ राहणारा असावा, आणि मृत्युपत्रात त्याला काही मिळणारं नसावं. म्हातारे मित्र साक्षीला घेतले तर वीस वर्षांनी कोर्टात बोलावणार कुणाला? फॅमिली डॉक्टरांचा आजच्याच तारखेचा दाखला आहे: प्रकृती ठीक, समज चांगली.

प्रिंट निघाली. तिसऱ्या पानावर टोनर फिका पडला. काडतूस परत हलवलं, परत काढली. दाभणानं तीन भोकं, दोरा, गाठ.

११.१०

दुय्यम निबंधक कार्यालय. रिक्षाचे १६० झाले, ताई आपले आपण देतात. दस्ताची माहिती काल रात्रीच ऑनलाइन भरलेली, चलन काढलेलं. नोंदणी फी १०० रुपये, पानामागे हाताळणी शुल्क निराळं. टोकन हातात आहे, नंबर लांब आहे.

बाकावर बहुतेक फ्लॅटवाले. बिल्डरचा माणूस फायलींचा गठ्ठा मांडीवर घेऊन बसलाय. एक तरुण जोडपं गृहकर्जाच्या कागदांवर सह्या करतंय, पानामागून पान, न वाचता. सर्व्हर हळू चाललाय. काकूंनी पर्समधून बिस्किटाचा पुडा काढून साक्षीदारांना दिला.

काकांना अजून एक शंका आहे. "सोसायटीत हिचं नॉमिनेशन आहेच की. मग ही सगळी उठाठेव कशाला?"

ताई हा प्रश्न रोज ऐकतात. "नॉमिनी म्हणजे राखणदार, काका. शेत राखतो, पीक त्याचं नसतं." मग सोप्या भाषेत कायदा सांगतात. विम्याच्या पैशांबाबत सर्वोच्च न्यायालयानं १९८३ मध्येच म्हटलं, की नॉमिनी पैसे स्वीकारतो, मालकी वारसांची. शेअरबाबत डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा तेच सांगितलं. २०१९ मध्ये सहकार कायद्यात गृहनिर्माण संस्थांचं वेगळं प्रकरण आलं. त्यानुसार वारस ठरेपर्यंत नॉमिनी सोसायटीचा तात्पुरता सभासद असतो. "म्हणजे तुमच्या मागं काकू मेंटेनन्स भरतील, मीटिंगला बसतील. पण मृत्युपत्र नसलं तर फ्लॅटमध्ये काकू, मुलगा, मुलगी तिघांचा सारखा हिस्सा. विकायचा म्हटलं की जर्मनीहून सही."

"आणि माझी आई असती तर?"

"तर चौथा हिस्सा त्यांचा. बायको, मुलं आणि आई, हे पहिल्या वर्गातले वारस. वडील त्यात नाहीत, ते पुढच्या वर्गात."

काकांना याचं नवल वाटलं. बराच वेळ ते आईबद्दल बोलत राहिले. ती परळी वैजनाथची होती.

१२.२५ ला नंबर लागला. काका कॅमेऱ्यासमोर बसले, टोपी काढली. अंगठा मशीनवर ठेवला, उमटेना. कामगाराचा अंगठा. वर्षानुवर्षं स्पॅनर धरून रेषा गेल्या आहेत. ताईंनी पर्समधून ओला रुमाल काढला, अंगठा पुसला, दाबून धरला. तिसऱ्यांदा उमटला.

साहेबांनी विचारलं, "हे तुम्हीच केलंत? वाचून समजून केलंत? कुणाचा दबाव?"

"मीच केलं. दबाव नाही."

साक्षीदारांचे फोटो, अंगठे. कागद स्कॅन झाले, शिक्के बसले, मूळ प्रत काकांच्या हातात आली. मृत्युपत्राची नोंद तीन नंबरच्या पुस्तकात होते. काका हयात आहेत तोवर त्याची नक्कल त्यांनाच मिळेल, दुसऱ्या कुणाला नाही. मुलालाही नाही. हे ऐकल्यावर काकूंनी सुटकेचा श्वास टाकला. का, ते त्यांनी सांगितलं नाही.

ताईंचे उरलेले १,३०० काकांनी पाकिटात घालून दिले.

१.५०

डबा. मेथी, भाकरी, ठेचा. टोनरवाला पोरगा आला, काडतूस भरून ३५० घेऊन गेला. कागदाचं एक रीम, २८०.

२.३०

एक मोटार दुकानासमोर उभी राहिली. आधी पुतण्या उतरला, मग आत्या. साठीच्या पुढच्या, नऊवारी, कपाळाला मोठं कुंकू. याच गावात जन्मल्या, मावळात दिल्या. वडिलांच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर दोन भाऊ आणि या, तिघांची नावं आहेत. वारस नोंदीत ती चढली. आता जमीन विकसनाला द्यायची आहे. भावांना हक्कसोडपत्र हवंय.

पुतण्या सभ्य आहे. मसुदा मोबाइलवर घेऊन आलाय. "ताई, नुसतं टाईप करून द्या. आत्याची काही हरकत नाही. उद्या नोंदवून टाकू."

अशा दस्ताचे ताई ३,००० घेतात. मुद्रांक ५०० चा, ऑक्टोबर २०२४ पर्यंत तो २०० चा होता. काम तासाभराचं. पण त्यांचा एक नियम आहे. पुतण्याला त्यांनी समोरच्या टपरीवर चहाला पाठवलं. "मला आत्यांना एकटीला वाचून दाखवायचंय."

तो गेला. ताईंनी खुर्ची जवळ ओढली आणि सावकाश वाचायला घेतलं. गट क्रमांक, क्षेत्र, चतुःसीमा. 'मी स्वखुशीने, राजीखुशीने, कोणताही मोबदला न घेता माझा संपूर्ण हक्क, हिस्सा व अधिकार कायमचा सोडून देत आहे.'

"आत्या, किती जमीन आहे, माहीत होतं?"

"पाटाच्या कडंची. किती ते कधी मोजलं नाय."

"तुमचा हिस्सा किती?"

"भाऊ म्हणतात, मुलींचा काय हिस्सा. लग्नात दिलं की."

ताई आवाज चढवत नाहीत. वडिलांनी स्वतः कमावलेलं असलं आणि मृत्युपत्र नसलं, तर १९५६ पासून मुलीला मुलाइतकंच. वडिलोपार्जित असलं तर ९ सप्टेंबर २००५ च्या दुरुस्तीनं मुलगी जन्मानंच हिस्सेदार. वडील तेव्हा हयात असायला हवे होते का, यावर बरीच वर्षं खल चालला. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की ती अट नाही. "म्हणजे आत्या, तुमचा तिसरा हिस्सा आहे. तो सोडायचा की नाही, हे तुमचं. सोडलात तर माझं काही म्हणणं नाही. पण एकदा नोंदवलं की ते परत फिरत नाही. फसवलं असं म्हणायचं तर दिवाणी कोर्ट, आणि किती वर्षं लागतील कुणी सांगू शकत नाही."

आत्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "माहेर तुटल की."

हा प्रश्न कायद्यात कुठंच नाही. पवनेच्या काठच्या गावांत, जिथं जिथं उसाच्या जागी टॉवर आले, तिथं बहिणींपुढे तो येतो. दिवाळीला ओवाळायला जायचं आहे. भाच्याच्या लग्नात मान हवाय. एक सही केली की सगळं गोड राहतं, असं त्यांना सांगितलं जातं. भाऊही वाईट नसतात बहुतेक वेळा. त्यांनी लहानपणापासून असंच पाहिलेलं असतं. पण जमीन गुंठ्यानं विकली जात होती तेव्हाची रीत, ती चौरस फुटानं विकली जाते तेव्हाही तशीच चालवायची, हे मला मान्य होत नाही.

ताईंनी माहेराबद्दल काही म्हटलं नाही. पाण्याचा तांब्या पुढे केला. "घरी जा. विचार करा. मुलीशी बोला. मी आज टाईप करत नाही."

पुतण्या परत आला. चेहरा जरा ओढलेला. "ताई, साधं काम होतं."

"साधंच आहे. आत्या सांगतील तेव्हा करू."

मोटार गेली. ताईंनी ३,००० चा आकडा वहीत लिहिलेला होता, त्यावर आडवी रेघ मारली.

४.१५

वहिनी आणि दीर आले. वहिनी पस्तिशीच्या. नवरा दोन महिन्यांपूर्वी घरीच हृदयविकारानं गेला, अडतिसाव्या वर्षी. दोन मुलं, सासू. ओल्या डोळ्यांनी बसायला इथं कुणाला वेळ नाही. कागद टेबलावर पसरले: मृत्यूचा दाखला, आधार, पासबुकं, पगाराची स्लिप.

दाखल्यावर नाव 'बाळासाहेब'. पीएफच्या खात्यात 'बाळू'. एकच व्यक्ती असल्याचं प्रतिज्ञापत्र आधी. सरकारी कार्यालयात द्यायच्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक लागत नाही, तरी वहिनींनी कुणाच्या तरी सांगण्यावरून ५०० चा कागद विकत आणलाय. ताईंनी तो परत पिशवीत घातला. "पाचशे रुपये गेले की तुमचे."

मग खरी गाठ. पीएफला नाव दिराचं. लग्नाआधी लावलेलं, दहा वर्षांत बदललं नाही. दीर खाली मान घालून बसला होता. एकदम म्हणाला, "मला नको ते. सही कुठं करू?"

"तुमच्या सहीची गरजच नाही," ताई म्हणाल्या. "पीएफमध्ये लग्न झालं की आधीचं असलं नाव रद्द धरतात. मग पैसे कुटुंबाला सारखे. वहिनी, दोन मुलं, आणि आई त्याच्यावर अवलंबून होत्या म्हणून आई. चार वाटे."

दिराच्या खांद्यावरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. गावात लोक काय काय बोलले असतील.

पुढचं वहिनींना ठाऊक नव्हतं. पेन्शन नामनिर्देशनावर नसते, विधवेला हक्कानं मिळते. दोन मुलांना पंचवीस वर्षांचे होईपर्यंत तिच्या पाव पाव. नोकरीत असताना गेला म्हणून विमा, कमाल सात लाखांपर्यंत, पगाराच्या हिशेबानं. ग्रॅच्युइटीला पाच वर्षांची अट असते, ती मृत्यूला लागत नाही. ठेकेदाराचा शिक्का लागेल, मग फॉर्म आकुर्डीच्या पीएफ कार्यालयात. मुलांच्या नावानं खाती, पालक म्हणून आई.

सव्वा तास गेला. मदतीची मुलगी झेरॉक्स काढत होती, एका दाखल्याच्या आठ प्रती. ताईंनी ३०० घेतले. वहिनी निघाल्यावर मी बघत होतो, तर म्हणाल्या, "फुकट केलं की माणसं लाजतात. परत अडलं तर विचारायला येत नाहीत. यांना अजून चारदा यावं लागणार आहे."

६.३०

हिंजवडीहून परतलेलं जोडपं. दोघंही सॉफ्टवेअरमध्ये. फ्लॅट दोघांच्या नावावर, कर्ज दोघांवर, मूल नाही. त्यांना वाटतं मृत्युपत्र म्हातारपणी करायचं. मग आता का आलात? बायको म्हणाली, गेल्या महिन्यात एक्स्प्रेसवेवर गाडी घसरली. दोघांना खरचटलं फक्त.

ताईंनी तिलाच विचारलं, "तुम्ही दोघं एकदम गेलात तर तुमचा निम्मा फ्लॅट कुणाला?"

"माझ्या आईबाबांना."

"नाही. हिंदू वारसा कायद्यात विवाहित बाईचे वारस म्हणजे मुलं आणि नवरा. ते नसले तर नवऱ्याचे वारस. त्यांच्यानंतर तिचे आईवडील."

"मी कमावलेलं असलं तरी?"

"तरी."

ती नवऱ्याकडे बघायला लागली. तो म्हणाला, "आजच करू." नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं याच कारणासाठी स्त्रियांना मृत्युपत्र करून ठेवायचं आवाहन केलं. ताईंनी त्याची बातमी कापून काचेखाली ठेवली आहे. दोन स्वतंत्र मृत्युपत्रं करायची ठरलं, एकत्र एक नाही. आगाऊ १,००० जमा.

८.१०

गल्ला. पीएफची तीन नावं ३००, काकांचे १,३००, वहिनींचे ३००, आगाऊ १,०००, झेरॉक्स-प्रिंटचे ६४०. एकूण ३,५४०. त्यातून टोनर ३५०, रीम २८०, रिक्षा १६०, चहा ९०. उरले २,६६०. भाडं आणि मुलीचा पगार दिवसावर पाडला तर ७६७. ताई हे सगळं पेन्सिलीनं करतात. हक्कसोडचं काम झालं असतं तर दिवस दुप्पट झाला असता. हे मी म्हटलं, त्यांनी नाही.

प्रिंटरचा प्लग काढला, तेवढ्यात फोन वाजला. पुतण्याचा. उद्या अकराला आत्यांना घेऊन येतो म्हणाला.

"आत्यांना द्या फोन."

बराच वेळ गडबड ऐकू आली. टीव्ही, भांडी, कुणीतरी 'बोल की' म्हणालं. मग आत्या.

"ताई, एक विचारायचं व्हतं. माझं नाव तसंच राहू दिलं, तर काय व्हतं?"

"काही नाही होत. बिल्डरशी करार होईल, तेव्हा भावांबरोबर तुमचीही सही लागेल."

"मग लागू दे की," आत्या म्हणाल्या. "येते मी सही करायला. गाडी नाय पाठवली तरी यष्टीनं येते."